अकरावा सिनेमा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे छापायला म्हणून संयोजकांनी माझ्याकडे माझ्या सर्वांत आवडत्या दहा चित्रपटांची यादी मागितली होती. मी ती दिली नाही. त्यामुळे पत्रिकेची मागची बाजू कोरी राहिली, आणि तिसऱ्या रांगेतल्या एक बाई तिच्यावर आत्ताच वाणसामानाची यादी लिहायला लागल्यात असं मला इथून दिसतंय. चांगला उपयोग आहे. माझी यादी छापली असती तर तुम्ही त्यात आपला सिनेमा आहे की नाही एवढंच पाहिलं असतं. नसता, तर पुढचा तासभर माझं काहीच ऐकलं नसतं.

ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी या गावात बरीच वर्षं फिल्म सोसायटी चालवली. सोळा एमएमचा प्रोजेक्टर, शाळेचा हॉल, भिंतीवर चादर. त्यांची नोंदवही मला त्यांच्या घरच्यांनी दाखवली. चित्रपटाचं नाव, तारीख, किती माणसं आली, वीज किती वेळा गेली, आणि शेवटी ‘शेरा’. गुण द्यायला रकाना नाही. तारे नाहीत, श्रेणी नाही. एका जगप्रसिद्ध चित्रपटापुढे शेरा आहे: ‘लोक उठून गेले. पुन्हा लावणे.’ आणि काही महिन्यांनी तो खरोखर पुन्हा लावलेला दिसतो. मला आज जे म्हणायचंय ते बरंचसं या शेऱ्याच्या जवळपासचं आहे. सिनेमा आपल्यापर्यंत पोचतो तो योगायोगानं, पण तो आपल्या यादीत राहतो की नाही हे पुन्हा पाहिल्यावर ठरतं.

आधी जगातल्या सगळ्यांत वजनदार यादीकडे पाहू. ‘साइट अँड साउंड’ नावाचं ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं: तुमच्या मते आजवरचे सर्वोत्तम दहा चित्रपट कोणते? 1952 साली पहिला आला व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. तो प्रदर्शित झाला होता 1948 मध्ये. म्हणजे ‘आजवरचा सर्वोत्तम’ ठरला तेव्हा तो चार वर्षांचा होता. ‘सिटिझन केन’ तेव्हा पहिल्या दहातही नव्हता. 1962 मध्ये तो एकदम वर आला आणि 2002 पर्यंत पाच मतमोजण्या कुणी त्याला हलवू शकलं नाही. 2012 मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नं त्याला खाली ओढलं, आणि 2022 मध्ये शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 1975 चा ‘जेन डिलमन’ पहिला आला. तीन तास वीस मिनिटांचा हा चित्रपट एका विधवा बाईच्या तीन दिवसांबद्दल आहे. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवायला वाढते, दिवे घालवते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिथून तिची घडी विस्कटायला लागते.

या निकालावर जगभर वादळ उठलं. मतदार बदलले म्हणून निकाल बदलला, अशी ओरड झाली. बदललेच होते. 2012 मध्ये 846 जणांनी मत दिलं, 2022 मध्ये 1639 जणांनी. ज्यांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं अशी माणसं खोलीत आली, तर वेगळं काही ऐकू येणारच. मला त्यात काही गैर वाटत नाही. मला गंमत वाटते ती मोजणीची. प्रत्येकानं दहा नावं द्यायची, क्रम लावायचा नाही, प्रत्येक नावाला एक मत. 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’ला मतं पडली 191. म्हणजे जगातला सर्वोत्तम म्हणून जो चित्रपट जाहीर झाला, तो मत देणाऱ्यांपैकी तीनचतुर्थांशांहून जास्त लोकांच्या पहिल्या दहात नव्हता. आणि ज्या 191 जणांनी त्याचं नाव लिहिलं, त्यातल्या कितींना तो सगळ्यांत जास्त आवडत होता हे त्या मासिकालाही सांगता येणार नाही. एखादा सिनेमा कुणाचाच पहिला नसताना सगळ्यांचा मिळून पहिला येऊ शकतो. तेव्हा अशी यादी जरूर वाचावी, तिच्यावरून काय पाहायचं राहिलंय ते कळतं. पण ती कुठल्याही एका माणसाची आवड नाही.

आता घरी येऊ. कुठल्याही मराठी माणसाला आवडते मराठी चित्रपट विचारा. तो जरा सावरून बसतो, आणि मग नावं येतात: श्यामची आई, सामना, सिंहासन, उंबरठा, श्वास, कोर्ट. उत्तम यादी आहे. यातल्या एकाही नावाला माझी हरकत नाही. ‘श्यामची आई’ला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि तो मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं थांबावं लागलं, हा आपला अभिमानाचा आणि दुःखाचा विषय आहे. पण हीच यादी सांगणारा माणूस रविवारी दुपारी जेवून आडवा झाला आणि टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असला, तर उठून बसतो. पुढचा संवाद काय हे त्याला ठाऊक असतं, तो पात्राच्या आधी बोलून टाकतो, बायको म्हणते किती वेळा पाहणार, आणि ती स्वतःही पोळ्यांचं पीठ तसंच टाकून दारात उभी राहते. त्याच्या यादीत मात्र ‘बनवाबनवी’ नसतो. का नसतो, एवढाच खरं तर माझा आजचा प्रश्न आहे.

याचं सोपं उत्तर म्हणजे लाज. आवडता सिनेमा विचारला की आपल्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. समोरचा आपल्या नावांवरून आपली जात, शिक्षण, पेठ आणि पगार काढणार आहे, असं धरून आपण उत्तर देतो. आणि तो काढतोही! म्हणून आपण ज्यांचा आदर करतो ती नावं पुढे करतो आणि ज्यांच्यावर जीव आहे ती मागे ठेवतो. दादा कोंडक्यांचं नाव मी कुठल्याही सुशिक्षित यादीत कधी पाहिलेलं नाही. ओळीनं रौप्यमहोत्सव करणाऱ्या माणसाचे सिनेमे पाहायला मग गेलं तरी कोण होतं?

पण लाज हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की आपण काय पाहिलं हे आपल्या हातात फारसं नसतं. माझ्या पिढीचं सांगतो. सातारा जिल्ह्यात यात्रेला तंबूतले सिनेमे यायचे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार, पाळणे, भेळ, आणि पलीकडे टूरिंग टॉकीजच्या कनाती. लॉरीत प्रोजेक्टर, खाली माती, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. रीळ बदलताना थांबायचं, तुटलं तर ओरडायचं. तिथे कुठला सिनेमा लागणार हे कुणी समीक्षक ठरवत नव्हता. ज्या प्रिंटचं भाडं परवडतं आणि जी अजून प्रोजेक्टरमधून धडपणे जाते, ती लागायची. पुढे मुंबई दूरदर्शन आलं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी आळी. मराठी म्हणून प्रभातचे जुने बोलपट पुष्कळ लागायचे, आणि म्हणून आमच्या पिढीच्या मनात शांता आपटे आणि केशवराव दाते हे नट आमच्या जन्माआधीचे असूनही ओळखीचे झाले. आवडले म्हणून पाहिले असं नव्हे. दुसरं काही लागत नव्हतं.

ज्या गोष्टी कुणालाच पाहता येणार नाहीत, त्यांचं काय? ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट, 14 मार्च 1931 ला मुंबईत लागला. त्याची एकही प्रत आज कुठे नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून जास्त चित्रपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच धडपणे उरलेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघालं, तेव्हा पुष्कळ काही आधीच विरघळून गेलं होतं. जुनी फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी, शिवाय तिच्यातल्या चांदीसाठी लोक ती भंगारात घालत. या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळं मिळवली, जपली. नायर यांचं धोरण असं की संग्रह करणाऱ्यानं चांगलं-वाईट बघायचं नाही, मिळेल ते ठेवायचं. मला हे धोरण फार शहाणपणाचं वाटतं, कारण 1931 साली कुणी ‘हा टिकाऊ, हा टाकाऊ’ अशी निवड केली असती, तर बहुधा चुकीच्या पेट्या ठेवल्या असत्या. आपण जेव्हा ‘आजवरचे सर्वोत्तम’ म्हणतो, तेव्हा उरलेल्यांतून निवडत असतो, आणि उरलेल्यांतूनही आपल्यापर्यंत पोचलेल्यांतून.

मग निवडायचं कसं? मी एक साधी परीक्षा बरीच वर्षं वापरत आलो. सिनेमा मधूनच लागला तरी मी बसतो का? ‘प्यासा’ कुठूनही लागला तरी बसतो. ‘सिटी लाइट्स’ला बसतो. ‘बनवाबनवी’चं सांगितलंच. पण ही परीक्षा ‘बायसिकल थीव्ह्ज’पाशी लंगडी पडते. तो मधूनच लागला तर मी बसत नाही, उठून जातो. सोसत नाही.

हा चित्रपट जानेवारी 1952 मध्ये भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मुंबईत दाखवला गेला. ज्या वर्षी लंडनच्या मासिकानं त्याला पहिला नंबर दिला, त्याच वर्षी बिमल रॉय यांनी तो इथे पाहिला, आणि 1953 मध्ये ‘दो बीघा जमीन’ आला. सत्यजित राय यांनी तो त्याआधी, 1950 साली लंडनमध्ये पाहिला होता. एवढा परिणाम ज्याचा झाला, त्याची गोष्ट एका वाक्याची आहे: पोस्टर चिकटवायची नोकरी मिळालेल्या माणसाची सायकल चोरीला जाते. सायकल नाही तर नोकरी नाही. बापाचं काम करणारा लॅम्बेर्तो माज्जोरानी हा खरोखर कारखान्यातला कामगार होता. सगळे शेवटाबद्दल बोलतात, गर्दीत मुलगा बापाचा हात धरतो त्याबद्दल. मी सुरुवातीकडच्या एका लहानशा गोष्टीबद्दल बोलतो. नोकरीची पहिली सकाळ आहे. त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो सायकल पुसतोय, आणि गहाणखात्यात असताना तिच्या पेडलला पोचा आलाय हे त्याच्या लक्षात येतं. तो बापावर वैतागतो, तुम्ही तक्रार का केली नाहीत म्हणून. मग दोघं निघतात. पोरगं दारापर्यंत जातं, परत फिरतं आणि खिडकी लावून घेतं, कारण पलंगावर तान्हं भावंड झोपलंय आणि त्याच्या तोंडावर उजेड येतोय. संपलं. कुणी त्याला सांगितलेलं नसतं, कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही. पुढे सिनेमाभर या मुलाची जी फरफट होते ती आपल्याला इतकी का लागते, याचं कारण त्या खिडकीत आहे. हे पोर घरातलं मोठं माणूस आहे हे आपल्याला आधीच कळलेलं असतं.

विद्यार्थी असताना पाहिला तेव्हा मला यात बाप दिसला होता. गरिबी, बेकारी, युद्धानंतरचं रोम, वर्गसंघर्ष वगैरे. ती खिडकी पाहिली गेली ती स्वतःला मुलं झाल्यावर. सिनेमातली एक चौकटही बदललेली नव्हती. म्हणून मी म्हणतो की पहिल्यांदा पाहिलेल्यावर यादी करू नये. एकदा पाहून जे उरतं त्यात सिनेमा किती आणि ती संध्याकाळ किती, हे वेगळं काढता येत नाही. आपण त्या वेळी कुणाबरोबर गेलो होतो, तिकीट ब्लॅकनं घेतलं होतं का, बाहेर पाऊस होता का, सगळं त्यात मुरलेलं असतं. दुसऱ्यांदा पाहताना पाऊस नसतो.

‘संत तुकाराम’ मी आधी दूरदर्शनवर पाहिला आणि मग पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या थिएटरात, मोठ्या पडद्यावर. हे आवार पूर्वीच्या प्रभात स्टुडिओचं. 1936 चा तो चित्रपट तिथेच घडला. दामले आणि फत्तेलाल यांचा. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, मुंबईत वर्षाहून जास्त काळ चालला, हे आपण शाळेपासून ऐकतो. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेलं एक गीत लोक आजही तुकोबांचा अभंग समजून म्हणतात. गीतकाराला याहून मोठी पावती कुठली मिळणार? विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या तुकोबाच्या अंगात जो मऊपणा आहे, मान कलती करून ऐकण्याची जी रीत आहे, ती मला वाटतं तिथून आली असावी.

पण माझ्या यादीत हा चित्रपट आहे तो तुकोबांच्या बायकोमुळे, आवलीमुळे. गौरीबाईंनी केलेली आवली. हिला देवाचं कौतुक नाही. पोर तापानं फणफणलंय, नवरा भजनात, घरात दाणा नाही. ती पोराला ओढत देवळात घेऊन जाते, हातात पायताण, आणि विठोबाला जाब विचारते. लहानपणी या प्रसंगाला आमच्या आळीतल्या बायका हसायच्या. मीही हसायचो. मोठ्या पडद्यावर पाहिला तेव्हा तिचा चेहरा दिसला, आणि तिथे विनोद नव्हता. ती घाबरलेली आहे. देवावर हात उगारणारी ही बाई देवाला सगळ्यांत जास्त मानणारी आहे, नाहीतर एवढी संतापली कशाला असती? शेवटी वैकुंठाचं विमान येतं, पुठ्ठ्याचा गरुड आज आपल्याला स्पष्ट पुठ्ठ्याचा दिसतो. तुकोबा तिला बरोबर बोलावतात. ती जात नाही. पोरांकडे कोण बघणार? दामले-फत्तेलालांनी त्या काळात, संतपटात, स्वर्ग नाकारणारी एक बाई दाखवली आणि तिला चूक ठरवलं नाही. ‘जेन डिलमन’ पाहिला तेव्हा मला आवलीच आठवली. रोजच्या रांधण्या-वाढण्यावर एक अख्खा सिनेमा उभा राहू शकतो याची कल्पना आपल्याला आवलीनं चाळीस वर्षं आधी दिली होती, फक्त तिच्या वाट्याला सिनेमाचा निम्माच भाग आला.

तरीही ‘जेन डिलमन’ माझ्या दहात नाही. त्याबद्दल आदर आहे, पुष्कळ आहे. पण तो मी ‘महान’ हा शिक्का बसल्यानंतर पाहिला. ‘सिटिझन केन’चंही तेच झालं. लहानगा केन खिडकीबाहेर बर्फात खेळतोय आणि पुढे टेबलाशी त्याची आई त्याला दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या कागदांवर सही करतेय. पुढची आई आणि मागचा मुलगा दोघंही सारखेच स्पष्ट दिसतात. ग्रेग टोलंडच्या छायाचित्रणाची ही करामत मला व्याख्यानात समजावून सांगितली गेली होती, पडदा पाहायच्या आधी. मग तो प्रसंग आला तेव्हा मी आई पाहिली नाही, मुलगा पाहिला नाही, खोली किती खोल स्पष्ट आहे ते पाहिलं. ज्याची टिपणं आधी वाचली तो सिनेमा आपला व्हायला फार वेळ लागतो, कधीकधी होतच नाही. रसग्रहणाचे वर्ग घेणारा माणूस हे बोलतोय म्हणून काहींना आश्चर्य वाटेल. वर्ग हवेतच. पण त्यांनी चित्रपटाच्या नंतर बोलावं.

आता ‘बनवाबनवी’. 1988. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखन वसंत सबनीस. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, 1966 ची. हिंदीतला तो कुणाला आठवत नाही आणि मराठीतला पाठ आहे, याला कारणं आहेत. पहिलं कारण पुणं. एकट्या पोरांना भाड्यानं खोली मिळत नाही ही गोष्ट पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीची आहे. मी स्वतः एका वाड्यात ‘लग्न झालंय का’ या प्रश्नावर परत फिरलेलो आहे. सिनेमाचा सगळा आचरटपणा या एका खऱ्या अडचणीवर उभा आहे. दुसरं कारण सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा माणूस. इस्तंबूलच्या औषधाच्या सत्तर रुपयांचा जो प्रसंग आहे, अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांचा, तो कधी डोळे मिटून ऐका. ती वगातली बतावणी आहे. एकानं सरळ विचारायचं, दुसऱ्यानं ते वाकडं घ्यायचं, पहिल्यानं चिडायचं, दुसऱ्यानं शोकाकुल चेहरा करून आणखी वाकडं न्यायचं. सराफ यात एकदाही हसवायला जात नाहीत. मेलेल्या मित्राबद्दल बोलावं तितक्या गांभीर्यानं ते बुडालेल्या पैशांबद्दल बोलतात. आणि लुगडं नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे: बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पुरुषानं बाई होणं ही शंभर वर्षांची कला, तिचा हा खट्याळ नातू. हा चित्रपट मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, पण प्रत्येक वेळी त्यात कुणाच्या तरी तोंडावरची एखादी हालचाल नवी सापडते. दुसऱ्यांदा पाहण्याची परीक्षा जो इतक्या वेळा पास झाला, त्याला यादीबाहेर ठेवायचं ते कशासाठी?

नव्यांपैकी ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 2014 मध्ये थिएटरात लागला. कैकाडी समाजातला जब्या, गावातलं डुक्कर पकडायचं काम त्याच्या घराकडे, आणि ते काम नेमकं शाळेच्या आवाराशी, सगळ्या वर्गासमोर करायची पाळी येते. डुक्कर हातात येणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, बाप थांबतो, सगळं घर ताठ उभं. डुक्कर निघून जातं. मी पाहिला त्या मल्टिप्लेक्समध्ये लोक आधी हसले. महाराष्ट्रात सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत होतंच, त्याला सगळे उठून उभे राहिले होते. आता हे पडद्यावरचं लागल्यावर माझ्या पुढच्या रांगेतले दोघंतिघं उठावं की बसावं अशा बेतात अर्धवट उभे राहिले. त्यांची जी पंचाईत झाली ती दिग्दर्शकाला हवी होती की नाही मला ठाऊक नाही, पण मिळाली. पुढे पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीसमोरून जातात. भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगे महाराज रंगवलेले. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेनं येतो. पुन्हा पाहताना दगड येणार हे माहीत असतं. तरी मान मागे जाते.

बाकीच्यांची नावं भराभर सांगतो, कारण तुम्ही मघापासून मोजताय. ‘पथेर पांचाली’, ‘तोक्यो स्टोरी’, ‘उंबरठा’. ‘प्यासा’ आणि ‘सिटी लाइट्स’ आधीच आलेत. झाले नऊ. दहाव्या जागेवर दोन दावेदार होते आणि त्यांनीच मला यादी संयोजकांना वेळेवर देऊ दिली नाही: ‘सामना’ आणि ‘सोंगाड्या’.

‘सोंगाड्या’ दादा कोंडक्यांचा, 1971 चा. लेखन पुन्हा वसंत सबनीसांचं.  आयेच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, घराबाहेर पडतो, फडात शिरतो. हा सिनेमा मी तंबूत पाहिला, मातीवर बसून. नाम्याच्या पहिल्याच भाबड्या उत्तराला अख्खा तंबू असा फुटला की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. बायकांच्या बाजूनं हसणं जास्त होतं, हे मला अजून आठवतं. नंतर ज्यांनी दादांना नुसतं द्व्यर्थी म्हणून निकालात काढलं, त्यांनी ते हसणं ऐकलेलं नव्हतं. त्या हसण्याशी बेइमानी नको म्हणून माझ्या मनातल्या यादीत ‘सोंगाड्या’ कायम होता.

‘सामना’ जब्बार पटेल यांचा, लेखन तेंडुलकरांचं. 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव आणि कुठून तरी भटकत आलेला दारुडा मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू. मास्तर एका बेपत्ता माणसाची चौकशी करत राहतो, आणि हिंदूरावांना त्याला हाकलता येत नाही, कारण ह्या माणसाला आपल्याकडून काहीच नको आहे हे त्यांना पचत नाही. लोक लागूंचं कौतुक करतात, मलाही ते मान्य आहे. पण पुन्हा पाहताना मी फुल्यांकडे पाहतो. ते लोकनाट्यातून आलेले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’तून. ज्या मातीतून दादा कोंडके आले, त्याच मातीतून. तिथे शिकलेलं सगळं फुले इथे आवरून धरतात. पाहुण्याला आग्रह करतात, आणि त्या आग्रहात धमकी कुठे सुरू होते ते कळत नाही.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी दोन्ही पुन्हा पाहिले. ‘सोंगाड्या’चा पूर्वार्ध आजही झकास आहे. उषा चव्हाण आणि दादा समोरासमोर आले की पडदा जिवंत होतो. पण उत्तरार्धात गोष्ट ढासळते, रडारड वाढते, आणि मी घड्याळ पाहिलं. घरी, खुर्चीत, एकटा. मला आठवत होते तितके विनोद त्यात नाहीत. उरलेले तंबूनं भरले होते. ‘सामना’त मात्र यावेळी मला तो बंगला दिसला. त्यातलं फर्निचर, दारूच्या बाटल्या, नोकरांचं अदबीनं आत-बाहेर करणं. सहकाराच्या त्या पहिल्या श्रीमंतीचं इतकं नेमकं चित्र मराठीत दुसरं नाही, आणि आधीच्या वेळी मास्तराच्या मागे धावताना मी ते पाहिलंच नव्हतं.

तेव्हा दहावा ‘सामना’. ‘सोंगाड्या’ अकरावा. पत्रिकेवर छापली असती तर या दहात तो दिसला नसता, आणि मी सुशिक्षितांचा रिवाज पाळला असं तुम्हाला वाटलं असतं. रिवाज म्हणून तो बाहेर गेलेला नाही, उत्तरार्धामुळे गेलाय. कुणाला हे मान्य नसेल, आणि पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवरून नसावंच असं दिसतंय, तर त्यांनी ‘सोंगाड्या’ मध्यंतरानंतरचा पुन्हा पाहावा आणि मग माझ्याशी भांडायला यावं. उद्या दुपारपर्यंत मी इथेच आहे.